कानामागची पट्टी

आमच्या तुकडीत पट्टी न लावणारी मी एकटीच. त्यामुळे जंगलात पाऊल टाकायच्या आधीच सगळ्यांची अडचण मी ठरले होते.

"काकू, लावून तर बघा," शौर्य म्हणाला. शौर्य गवस हा आमचा गाइड. तिलारीच्या खोऱ्यातलाच पोरगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, मनगटावर पोस्टकार्डाएवढा पडदा बांधलेला. "मुंगी चावल्यासारखं वाटतं, तेही एकदाच."

"मला नको."

"तुम्ही दमाल. मग सगळ्यांना थांबावं लागेल."

"थांबा की मग. जंगल बघायलाच आलोय ना? ते कुठं पळून चाललंय?"

मागून कुणीतरी मोठ्यानं उसासा सोडला. ती पुण्याची गार्गी. ती आणि तिचा नवरा ईशान, दोघं तिशीतले, दोघांच्या काठ्या सारख्या, चष्मे सारखे. त्यांच्याशिवाय एकाच कंपनीतले तिघं होते, पिवळ्या टी-शर्टातले. त्यांची नावं शेवटपर्यंत माझ्या डोक्यात बसली नाहीत. आणि आमचे हे. अभिनंदन मगदूम, वय छप्पन्न, मुक्काम जयसिंगपूर. यांनी पट्टी आपली आपण लावली, आरशाशिवाय, कुंकू लावायला सरावलेल्या बाईच्या सफाईनं. चार महिने रोज लावतात.

"हिचं असंच असतं," हे सगळ्यांना सांगू लागले. "घरात मिक्सर आणला, तर सहा महिने पाट्यावर वाटत होती."

सगळे हसले. मिक्सर आमच्या घरी माझ्या लग्नाआधीपासून होता. पण मी काही बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर मिक्सरवर थांबले नसते.

गोष्ट अशी की दोन वर्षांपूर्वी यांना हार्ट अटॅक आला होता. एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय. रोज सकाळी तीन गोळ्या असतात, आणि हे त्यातलं काहीही ट्रेकच्या कंपनीला सांगायला तयार नव्हते, कारण सांगितलं असतं तर यांना ट्रेकला घेतलंच नसतं. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी अंगणात बसलो असताना मी म्हटलं, शौर्यला तरी सांगूया. तर यांनी माझा हात धरला, आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ घे. कुणाला बोलणार नाहीस."

"काय हे बाईसारखं?"

"घे म्हणतोय ना."

घेतली. ज्यांना या शपथेचा अर्थ माहीत नाही ते सुखी. शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो, असं आमच्या घरात माझ्या आईपासून सगळ्या बायका मानत आल्या. मी बी.एस्सी. आहे. पिठाची गिरणी चालवते, तिची मोटर बिघडली तर खोलून बघते. तरी हात गळ्यावरून काढताना तळव्याला घाम होता.

आता या पट्टीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

थकवा पायात नसतो, डोक्यात असतो. हे मी म्हणत नाही, शास्त्रज्ञ म्हणतात. धावणारा माणूस 'आता एक पाऊलही टाकवत नाही' म्हणून खाली बसतो तेव्हा त्याच्या स्नायूंत बरीच ताकद शिल्लक असते. मेंदू ती वापरू देत नाही. हृदय, फुप्फुसं, कातडी, मांड्या, सगळीकडून मेंदूकडे सारखे निरोप जात असतात. इथं उष्णता वाढली, इथं साखर संपत आली, इथं रक्त पुरेना. मेंदू ते ऐकतो आणि खरं नुकसान व्हायच्या पुष्कळ आधी ब्रेक दाबतो. त्या ब्रेकला आपण 'दमलो' म्हणतो. यातले बरेच निरोप मानेतून जाणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूवरून वर चढतात, आणि त्या तंतूची एक बारीक फांदी कानामागे कातडीच्या अगदी जवळ येते. पट्टी त्या फांदीत हलकीशी वीज सोडते. तिचा ठेका असा बसवलाय की मेंदूला सगळीकडून 'ठीक आहे, ठीक आहे' एवढंच आल्यासारखं वाटतं. निरोप बंद होत नाहीत. ते कुणी ऐकत नाही, एवढंच.

ज्यांचा थकवा कशानंच जात नाही, अंथरुणातून उठणंही ज्यांना जमत नाही, अशा रुग्णांसाठी ही पट्टी निघाली होती. त्यांच्यासाठी ती देवच. पण चांगली वस्तू गरजेपुरती ठेवायची हे आपल्या रक्तात नाही. आधी सैन्यात गेली. मग घरोघर सामान पोचवणाऱ्या पोरांच्या कानामागे दिसू लागली. मग आमच्या भागातल्या एका सूतगिरणीत मालकानं फुकट वाटली. मालक जे फुकट वाटतो ते कोणाच्या फायद्याचं असतं हे कळायला बी.एस्सी. लागत नाही. वर्षभरात असं झालं की 'मी दमले' म्हटलं की समोरचा विचारतो, पट्टी नाही का लावली? म्हणजे दमणं हा आता माझाच हलगर्जीपणा. सबंध आयुष्यात मला खुर्ची मिळवून देणारा एकच शब्द होता, तोही या पट्टीनं काढून घेतला. म्हणून मी पट्टी लावत नाही. हट्ट म्हणायचं तर म्हणा.

पण यांच्या बाबतीत माझं तोंड बंद होतं, आणि ते शपथेमुळेच नव्हे. अटॅकनंतर हा माणूस दीड वर्ष खुर्चीतून उठला नाही. डॉक्टर म्हणाले चाला, फिरा, तरी नाही. आमचं घर वर आणि यांचं मोटर-वायंडिंगचं दुकान खाली. हे जिना उतरेनात. जराशी धाप लागली की चेहरा पांढरा, माझा दंड घट्ट धरायचे. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पट्टी आणली, आणि आठवड्यात हे खाली दुकानात, पंधरवड्यात शेताच्या बांधावर. सकाळी दाढी करताना शीळ घालू लागले. इतक्या दिवसांनी ती शीळ ऐकून मी स्वयंपाकघरात डोळे पुसले होते. आता त्याच पट्टीला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

तर निघालो. ऑक्टोबरचा उकाडा, वर झाडांचं छप्पर, आत हवा हलायला तयार नाही. पानापानांतून किड्यांचा करवतीसारखा आवाज. एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, लांबलचक शेपटी मागं ठेवून. मी थांबून बघितलं. बाकी कुणी बघितलं नाही, कारण बाकी कुणी थांबलंच नाही.

मी तरुणपणी पुष्कळ ट्रेक केलेत, यांच्याबरोबरच. आमच्यात कुणी 'दमलो' असं कबूल करत नसे, पण प्रत्येकाचं काहीतरी ठरलेलं असे. एकाला चढावर हटकून फोटो काढावासा वाटे. एक जण बुटाची नाडी बांधायला बसे, सुटली नसली तरी. हे तर पक्ष्याचं नाव विचारत, यांना कावळा आणि कोकीळ सोडून तिसरा ओळखता येत नसताना. मग पुढचा समजायचा, सगळे टेकायचे, पाणी फिरायचं, कुणाच्या तरी डब्यातून शेंगाची चटणी निघायची. निम्मा ट्रेक त्या थांब्यांत व्हायचा. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं ठेवायचं, म्हणजे कुणी मागं पडत नाही, हा साधा रिवाज होता.

इथं उलटंच. शौर्य दर थोड्या वेळानं मनगटावरचा पडदा बघायचा. त्यावर सगळ्यांच्या बोटांत घातलेल्या अंगठ्यांवरून हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन दिसायचा. पट्टीत दमल्याचं कळत नाही, म्हणून कंपनीनं हा पहारा ठेवलेला. ठोके ठराविक हद्दीच्या वर गेले की पडदा लाल होतो आणि त्या माणसाला थांबवायचं. ज्याचे ठोके सगळ्यात शांत, त्यानं पुढं चालायचं आणि चाल ठरवायची, हा कंपनीचा नियम.

"काका, तुम्ही पुढं या," शौर्य म्हणाला. "कमाल आहे हां. या चढाला तुमचे ठोके ऐंशीच्या आत. या टी-शर्टवाल्यांचे बघा, एकशे चाळीस. ते तुमच्या निम्म्या वयाचे."

"शेतातलं खाणं आहे," हे म्हणाले. छाती पुढं काढून पुढं गेले.

यांच्या तीन गोळ्यांतली एक ठोके हळू ठेवणारी आहे. अटॅक येऊन गेलेल्या हृदयाला धावू द्यायचं नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली. ती घेतल्यावर हा माणूस डोंगर चढो की खाली पडो, ठोके वर जायचेच नाहीत. म्हणजे तुकडीतला एकटा आजारी माणूस पडद्यावर सगळ्यात तंदुरुस्त दिसत होता, आणि म्हणून सगळ्यांत पुढं, सगळ्यांत वेगात चालत होता. शौर्यचा तरी काय दोष? त्याला दिसत होतं ते खरंच होतं. फक्त त्याचा अर्थ माझ्या तोंडात होता, आणि तोंडाला शपथेचं कुलूप.

ओढ्यापाशी मी त्यांना गाठलं, घामानं निथळत, जिभेला कोरड. सगळे उभे होते. बसलं कुणीच नव्हतं. पाणीही कुणी पीत नव्हतं. तहान लागल्याचा निरोपही बहुधा 'ठीक आहे'त जमा होत असावा.

"काकू, आपण तासभर मागे आहोत," ईशान म्हणाला.

"कुणाच्या मागे? शर्यत लागलीय का?"

"तसं नाही, पण मुक्कामाला उजेडात पोचायचंय."

"मग आधी पाणी प्या. तुझ्या बायकोचे ओठ बघ, कागद झालेत."

गार्गीनं ओठांवरून बोट फिरवलं आणि दचकून बाटली काढली. पण माझ्याकडे असं बघितलं जणू ओठ मीच वाळवले.

मी यांना ओढ्याच्या कडेला बाजूला घेतलं. "अहो, मागं या. हळू चला."

"का? मला काही होत नाही."

"तेच तर. होत असलं तरी कळणार नाही तुम्हाला."

"पद्मा, एक सांगू?" यांनी आवाज खाली घेतला. "तुला मी खुर्चीत बसलेलाच बरा वाटत होतो. चहा दे म्हणणारा, औषधाला हात पुढं करणारा. आता मी पुढं चाललोय ते तुला खुपतंय."

तीस वर्षांच्या संसारात माणूस असं एखादं वाक्य कुठं जपून ठेवतो कोण जाणे. खरं सांगायचं तर क्षणभर मी स्वतःला विचारलंसुद्धा. नाही. मला तो खुर्चीतला माणूस नको होता. पण मेलेलाही नको होता. मी म्हटलं, "टोपी घाला," आणि वळले.

ओढ्यानंतर खडा चढ. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला वेताची जाळी, काट्यांनी भरलेली. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी पायवाट. वर एका वळणावर जराशी मोकळी जागा होती, तिथं शौर्यनं माझ्यासाठी सगळ्यांना थांबवलं होतं. मी पोचले तर हे ढेकर देत होते. एक, मग दुसरा, मग लागोपाठ.

"ते प्रोटीनचे लाडू," एक टी-शर्ट म्हणाला. "मलाही ॲसिडिटी झाली."

दोन वर्षांपूर्वीही ॲसिडिटीच होती. हे जेवणानंतर ढेकरा देत बसले होते, मी जिरं-ओवा दिला, शेजारच्यांनी सोडा आणून दिला, आणि त्यात अर्धा दिवस गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सोड्यानं हृदय सुरू होत नाही हो.

मी यांचा हात धरला. सगळ्यांना घाम होता, तो गरम होता. यांचा हात फ्रीजमधून काढल्यासारखा. कपाळावर थेंब, ओठांभोवती राखेचा रंग.

"काय वाटतंय तुम्हाला?"

"काही नाही. मस्त."

"छातीत?"

"मस्त म्हटलं ना."

आणि ते खोटं बोलत नव्हते. यांना खरंच मस्त वाटत होतं. राग कुणावर काढू?

इथं मी काय केलं ते सरळ सांगते. शपथ मोडली तर हा माणूस मरणार असं मनात खोल कुठंतरी बसलेलं, आणि पाळली तर डोळ्यांसमोर मरणार हे दिसत होतं. मी मनात आईची माफी मागितली आणि शौर्यला म्हटलं, "यांना दोन वर्षांपूर्वी अटॅक आलाय. स्टेंट आहे. ठोके वाढू न देणारी गोळी चालू आहे, म्हणून तुझा पडदा गप्प आहे. आत्ताही अटॅकच येतोय. यांना आडवं करा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मग यांच्याकडे.

"स्टेंट?" हे हसले. "स्टेंट हिच्या वडिलांना होता."

माझे वडील एसटीखाली गेले. स्टेंट बघायलाही मिळाला नाही त्यांना.

"अहो, काय बोलायलाय?"

"शौर्य, हिला दम लागलाय," हे म्हणाले. "हिला पट्टी सोसत नाही, चालवत नाही, आणि लाजेपोटी कबूल करवत नाही. तीस वर्षं बघतोय मी."

शौर्यनं पडदा बघितला. परत बघितला. "काकू, ठोके अठ्ठ्याहत्तर आहेत. ऑक्सिजन थोडा कमी आहे, पण बोटं थंड असली की असं दाखवतं."

"बोटं थंड का आहेत ते विचार की त्या पडद्याला."

"काकू, तुम्हाला परत जायचं असेल तर सरळ सांगा ना," ईशान म्हणाला. "काकांना कशाला आजारी पाडताय?"

सहा माणसं, सहाही शिकलेली, आणि त्यातल्या एकालाही एका माणसाचा चेहरा राखाडी झालेला दिसत नव्हता, कारण पडद्यावर हिरवा होता. आणि तो माणूस स्वतः माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

"चला," हे म्हणाले आणि वळणार, तोवर मी पुढं झाले आणि वाट परत अरुंद होते तिथं बसले. मधोमध, मांडी घालून. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला वेताचे काटे. माझ्यावरून उडी मारल्याशिवाय कुणाला पुढं जाता येणार नव्हतं.

"काकू, प्लीज," गार्गी म्हणाली.

"मी दमले," मी म्हटलं. "आता उठत नाही."

"ऊठ, पद्मा."

"नाही."

"तमाशा करू नकोस. लोक बघायलेत."

"बघू देत. तिकीट नाही लावलेलं."

हे तावातावानं आले, वाकले, माझा दंड धरून उठवायला. तेवढंच हवं होतं. यांचा कान माझ्या हाताच्या टप्प्यात आला आणि मी पट्टी नखानं उचकटून ओढली.

सकाळी शौर्यनं दहा वेळा सांगितलं होतं, पट्टी चालताना काढायची नाही, आधी बसायचं, मग हळूहळू कमी करायची. एकदम काढली की दिवसभराचे साठलेले निरोप मेंदूला एकदम ऐकू येतात. मला ते माहीत होतं. मी दोन्ही हात पुढं केलेच होते. हे सरळ माझ्या मांडीत आले, पोत्यासारखे. आधी तोंड उघडलं, आवाज नाही. डोळे मोठे. मग घशातून एक लांब आवाज आला, आणि मग शब्द.

"पद्मा. छातीत. कुणीतरी बसलंय छातीवर."

"हां. बसू दे. बोलू नका."

"हातातून... जबड्यात..."

"तोंड उघडा. जीभ वर."

जिभेखालची गोळी माझ्या ब्लाउजमधल्या बटव्यात असते. दोन वर्षांत एकदाही घराबाहेर तिच्याशिवाय पडले नाही. मग रक्त पातळ करणारी चघळायला दिली. शौर्य एव्हाना गुडघ्यांवर बसला होता, यांच्या पाठीला सॅक लावत. चेहरा पार उतरलेला. सॅटेलाइट फोनवर गावच्या कुणा आबांशी बोलताना तो मालवणीवर आला, आवाजात दिवसभराची गाइडगिरी उरली नव्हती. "आबा, जुन्या लाकूडगाडीच्या रस्त्यार ॲम्ब्युलन्स हाड. बेगीन. माणूस छातीक धरून पडलोहा." ॲम्ब्युलन्स मागवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "रस्ता खाली तासाभरावर आहे काकू. उचलून न्यायला लागेल."

टी-शर्टवाल्यांनी तंबूच्या दांड्या काढल्या, त्यात ताडपत्री अडकवली, यांना झोळीत घेतलं. आणि कबूल करायला हवं, पोरं वाऱ्यासारखी निघाली. पट्ट्या लावलेल्या होत्या ना. कुणाच्या खांद्याला रग लागेना, कुणाचा हात भरून येईना. मला मनात वाटलं, बाई, हीच पट्टी आता तुझ्या नवऱ्याला वाचवतेय, काय म्हणशील? काय म्हणणार? पळा म्हटलं.

पण उतारावर पुढच्या पोराच्या मांड्या थरथरताना दिसल्या. त्याला पत्ताच नाही. पाऊल एकदा घसरलं, एकदा मुरगळलं, तो हसत पुढंच.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

"आम्ही दमलो नाही काकू."

"तुझे पाय बघ. ते काय सांगतायत ते तुला ऐकू येत नाही, मला दिसतंय. हा माणूस दरीत गेला तर तुझ्या पट्टीचा काय उपयोग? ठेव खाली. बदला माणसं. पाणी प्या सगळे."

या वेळी कुणी उसासा सोडला नाही. ईशान पुढं आला, दांडीला खांदा लावला. मग मी सांगेन तिथं झोळी उतरली, मी सांगेन तेव्हा उचलली गेली. सबंध उतारभर मी त्यांचा थकवा बघत चालले, जसा दुसऱ्याच्या पोराचा ताप बघावा तसा.

रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. आतल्या डॉक्टरीणबाई लहानच होत्या, केसांची शेंडी बांधलेल्या. ईसीजीच्या तारा लावल्या, कागद बघितला, कुणालातरी फोनवर भराभर काही सांगितलं. मग म्हणाल्या, "वेळेत आलात. गोव्याला नेऊ, पोचताच अँजिओप्लास्टी करतील. दुखायला कधी लागलं?"

"पट्टी काढल्यावर," मी म्हटलं.

त्यांनी यांच्या कानामागचा लाल चौकोन बघितला आणि पुढं काही विचारलं नाही. सलाइन लावता लावता म्हणाल्या, "काका, दुखणं दहापैकी किती?"

यांनी माझ्याकडे बघितलं. "दोन."

"अहो."

"...आठ."

मागचं दार लावायला शौर्य आला. मी म्हटलं, "त्या गार्गीला मीठ-साखरेचं पाणी दे. आणि आज पुढं नेऊ नकोस कुणाला." तो मान हलवून गेला. मागे बाकीचे रस्त्याकडेला ओळीनं बसले होते. प्रत्येकाची मान एका बाजूला कललेली आणि बोट कानामागे. ठरवून नसेल, पण सगळे एकदमच पट्टीची वीज कमी करणारी बारीक चकती उलटी फिरवत होते.

गाडी सुटली. घाट लागला. हे झोपले असतील असं वाटलं, तोवर डोळे उघडले.

"पद्मा, पट्टी कुठाय?"

"आहे माझ्याकडे."

"लाव की. लई दुखतंय."

"नाही."

"जराच वेळ."

"नाही म्हटलं ना. दुखतंय ते डॉक्टरीणबाईंना कळायला पाहिजे."

मग म्हणाले, "शपथ मोडलीस तू. माझ्या गळ्याची."

"मोडली."

"मला चारचौघांत पाडलंस."

"पाडलं. बरे झालात की भांडू. तोंडभरून भांडू. आत्ता श्वास घ्या."

यांनी श्वास घेतला, आणि वळणावर गाडी कलंडताच कण्हले. पुढच्या वळणाला परत. त्या घाटाला वळणं फार. हा माणूस प्रत्येक वळणाला कण्हत होता, मोठ्यानं, लाज सोडून, पहिल्या अटॅकलाही कण्हला नव्हता इतका. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, काका, शांत पडा. मी यांच्या छातीवर कान ठेवल्यासारखी त्या आवाजाकडे कान लावून बसले होते, आणि दोन वळणांमध्ये सरळ रस्ता लांबला, आवाज थांबला, की माझाच श्वास अडकायचा.